कूस बदलली, पुढे काय झाले?

माझ्या आत्याच्या खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता अडकवलेला होता. २०२२ च्या पावसाळ्यात ती अंगणातल्या शेवाळावरून घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. वय ७८. नंतरचे दिवस तिने रुग्णालयात बहुतेक पाठीवर पडून काढले. तक्त्यावर आडव्या ओळीत तारखा होत्या, उभ्या ओळीत दोन-दोन तासांच्या वेळा, आणि मथळा होता 'कूस बदलणे'. आठ दिवसांच्या ९६ चौकटी होत्या आणि प्रत्येकीत निळ्या शाईची बरोबरची खूण होती. मला मोजण्याची सवय आहे, प्रयोगशाळेत दुसरे काम नाही. एकही चौकट रिकामी सापडली नाही.

नवव्या दिवशी अंग पुसताना माकडहाडाच्या जरा वर काळपट लाल चट्टा दिसला. मधोमध कातडी फुटलेली होती.

पाचव्या दिवशी दुपारी आत्याला एक्स-रेसाठी खाली नेले होते. स्ट्रेचरबरोबर मीच होते. त्या वेळच्या चौकटीतही खूण होती! म्हणजे काही खुणा एकगठ्ठा केलेल्या होत्या हे उघड आहे. चाळीसच्या वर खाटा आणि रात्रपाळीला दोन सिस्टर असे गणित असेल तर दुसरे काय होणार? त्या वेळी मला फार राग आला होता, आता तितका येत नाही. कारण घरी आल्यावर दुसरीच एक गोष्ट ध्यानात आली. समजा, सगळ्या ९६ खुणा खऱ्या असत्या, तरी त्या तक्त्याला जखमेची खबर लागली नसती. पाठ पाहिली का आणि ती कशी दिसली, असा रकानाच त्यात नव्हता.

शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. टाचणवहीत 'घटक पूर्ण' असे लिहिलेले असते, तारीख आणि सही असते. मुलांना तो घटक आला का, याचे उत्तर त्या वहीत नसते. ते मुलांकडेच शोधावे लागते.

वाक्याचा कर्ता कोण?

परिचारिकेचे काम म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेली इंजेक्शने देणे, अशी आपली एक ढोबळ समजूत असते. प्रत्यक्षात तिला स्वतःचे निदान करावे लागते, आणि ते डॉक्टरांच्या निदानाहून वेगळे असते. 'खुब्याचे हाड मोडले' हे डॉक्टरांचे निदान. 'स्वतःहून कूस बदलता येत नाही म्हणून पाठीच्या कातडीला धोका आहे', 'दुखण्यामुळे रात्री झोप नाही', 'पुन्हा पडू या धास्तीने पाय टाकायला तयार नाही' ही परिचारिकेची निदाने. एकाच मोडलेल्या हाडामागे दोन रुग्णांत ती अगदी निरनिराळी निघू शकतात.

या कामाला शिस्तीची चौकट मिळाली ती गेल्या शतकाच्या उत्तरार्धात. १९६१ मध्ये अमेरिकेत आयडा जीन ऑरलँडो यांनी असा आग्रह धरला की परिचारिकेने केलेली कृती रुग्णाच्या गरजेला लागू पडली का, हे रुग्णाकडूनच ताडून पाहावे. १९६७ मध्ये हेलन युरा आणि मेरी वॉल्श यांनी चार पायऱ्या मांडल्या: माहिती घेणे, योजना आखणे, ती अमलात आणणे आणि मूल्यमापन करणे. निदान ही वेगळी पायरी त्यात पुढे आली. आज आपल्याकडेही नर्सिंगच्या विद्यार्थिनी, आणि आता विद्यार्थीसुद्धा, या पाच पायऱ्या शिकतात व केस स्टडीच्या वहीत त्यांचे रकाने आखतात. ओळखीतल्या दोघी-तिघींनी मला आपल्या वह्या दाखवल्या. पहिले चार रकाने गच्च भरलेले होते. पाचव्यात बहुतेक ठिकाणी एकच वाक्य होते: 'रुग्णाची स्थिती सुधारली.' कशावरून सुधारली, किती सुधारली, कोणी पाहिले, यातले काहीच नव्हते.

दोष त्या मुलींचा नाही. पाचवा रकाना नीट भरायचा तर तिसऱ्या रकान्यात, म्हणजे योजना आखतानाच, काय दिसले म्हणजे 'जमले' म्हणायचे हे ठरलेले हवे. इथे व्याकरणाची एक साधी कसोटी कामी येते. 'दर दोन तासांनी कूस बदलीन' या वाक्याचा कर्ता परिचारिका आहे. ती कृती झाली, फलित नव्हे. आता हे वाक्य पाहा: 'पुढचे सात दिवस रोज सकाळी पाहिल्यावर माकडहाड, दोन्ही खुबे आणि दोन्ही टाचा यांवर दाबूनही न जाणारी लाली नसेल.' यात परिचारिका कुठेच नाही. यात आहे ती रुग्णाची कातडी, पाहण्याची जागा, पाहण्याची वेळ आणि मुदत. आणि असे वाक्य खोटे ठरू शकते. आम्हा प्रयोग करणाऱ्यांच्या लेखी हा त्याचा सर्वांत मोठा गुण. 'कातडी निरोगी राहील' हे वाक्य कधी खोटेच ठरत नाही, कारण निरोगी म्हणजे काय ते कुणी ठरवलेले नसते.

गादी आणि हाड यांच्यामध्ये

पण दाबून पाहायचे ते का? एक साधा प्रयोग वर्गात करता येईल. काचेचा स्वच्छ पेला घ्या आणि त्याचा तळ आपल्या तळहातावर जोराने दाबा. पेल्यात डोकावून पाहिले तर दाबलेला भाग पांढरट झालेला दिसतो. पेला उचलताच क्षणभरात तो पुन्हा गुलाबी होतो. दाबामुळे केशवाहिन्यांतले रक्त बाजूला सरते आणि दाब गेला की परतते.

केशवाहिनीत रक्त शिरते तेव्हा त्याचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर असतो आणि बाहेर पडताना सुमारे १२. १९३० मध्ये यूजीन लँडिस यांनी नखाच्या कडेच्या केशवाहिनीत अतिसूक्ष्म नळी घालून हे मोजले होते. (आपण नेहमी ऐकतो तो १२०/८० चा रक्तदाब मोठ्या धमनीतला असतो.) आता थोडे गणित करू. समजा, पाठीवर निजलेल्या माणसाचे १० किलोग्रॅम वजन माकडहाडाभोवतीच्या १०० चौरस सेंटिमीटर भागावर पडले. बल ९८ न्यूटन आणि क्षेत्रफळ ०.०१ चौरस मीटर, म्हणून दाब ९८०० पास्कल. पाऱ्याच्या एका मिलिमीटरला १३३ पास्कल धरले तर हा दाब सुमारे ७४ मिलिमीटर भरतो. तेच वजन मऊ, आकार घेणाऱ्या गादीमुळे ४०० चौरस सेंटिमीटरवर पसरले तर दाब १८ वर येतो. हे आकडे हिशेबापुरते घेतले आहेत. खऱ्या शरीरात दाब सगळीकडे सारखा नसतो आणि हाडाच्या टोकापाशी तो फार एकवटतो. तरी गादी बदलण्याने काय साधते ते यावरून कळते.

आपण निरोगी माणसे झोपेत कितीदा तरी वळतो. अवघडलेपण जाणवते आणि शरीर आपसूक हलते. ज्याला ते जाणवत नाही, किंवा जाणवूनही हलता येत नाही, त्याच्या केशवाहिन्या तासन् तास दाबलेल्या राहतात. त्यातही स्नायूंना कातडीपेक्षा ऑक्सिजनचा तुटवडा लवकर बाधतो. त्यामुळे इजा पुष्कळदा आत, हाडालगत सुरू होते आणि वर येते. वर दिसणारा चट्टा हा आतल्या नासाडीचा उशिरा आलेला निरोप असतो.

म्हणून बोटाने दाबून पाहायचे. लाल भाग दाबल्यावर फिका पडून पुन्हा लाल झाला, तर रक्त अजून वाहते आहे आणि दाब हटवला तर कातडी सावरेल. दाबूनही लाली तशीच राहिली, तर शय्याव्रणाची पहिली अवस्था आली असे समजतात. मात्र ही खूण गोऱ्या कातडीवर जशी ठळक दिसते तशी आपल्या बहुतेकांच्या कातडीवर दिसत नाही. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर चट्टा लाल न दिसता जांभळट किंवा नुसता अधिक गडद दिसतो, आणि दाबल्यावरचा फिकेपणा तर नजरेला येतच नाही. तिथे हाताच्या पाठीने चाचपून पाहावे लागते. शेजारच्या भागापेक्षा ती जागा गरम किंवा गार लागते का, टणक किंवा लिबलिबीत लागते का, हात लावताच दुखते का? 'लाली नसेल' हे मी वर लिहिलेले उद्दिष्टही आत्यासाठी अपुरेच होते. फलित मोजायचे ते कोणाच्या शरीरावर, याचा विचार मोजण्याची रीत ठरवण्याआधी करायला हवा.

निवृत्त सिस्टर आणि आलेख-कागद

घरी आणल्यावर मी अर्थातच स्वतःचा तक्ता केला. रुग्णालयाच्या तक्त्यावर मी टीका केलेली, म्हणून माझा अधिक चांगला: डावी, पाठ, उजवी असे तीन रंग, मोबाइलवर दर दोन तासांनी गजर. शेजारच्या आळीत जिल्हा रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर राहत. डॉक्टरांच्या सल्ल्याने ड्रेसिंगसाठी त्या येऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांना कौतुकाने माझा तक्ता दाखवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही काय केलंत ते कळलं. जखमेनं काय केलं ते कुठं लिहिलंय?"

मी गप्प झाले. दोन दशके मापनशास्त्रात घालवूनही मी तीच चूक केली होती.

मग आम्ही वही घातली. जखमेवर उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याची धार धरून झाली की सिस्टर स्वच्छ प्लॅस्टिकचे दोन पापुद्रे तिच्यावर अलगद टेकवीत आणि वरच्या पापुद्र्यावर पेनाने कडा गिरवीत. जखमेला लागलेला खालचा पापुद्रा फेकून द्यायचा, वरचा आलेख-कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. सातवी-आठवीत पानाचे क्षेत्रफळ काढतो तीच ही रीत: पूर्ण चौकोन एक, अर्ध्याहून मोठा एक, अर्ध्याहून लहान सोडून द्यायचा. सोबत तीन नोंदी असत. तळाचा रंग लालबुंद आहे की पिवळट की काळा, पाझर किती, वास आहे का. पहिल्या दिवशीचे क्षेत्रफळ १२ चौरस सेंटिमीटर होते.

दुसऱ्या आठवड्यात ते १५ झाले. मी हादरले. सिस्टर मात्र समाधानी दिसत होत्या. डॉक्टरांनी कडेची मृत कातडी कापून काढली होती आणि तिच्याखाली लपलेली जखम आता उघड्यावर आली होती. तळ पिवळ्याचा लाल होऊ लागला होता. आकडा वाढला पण जखम सुधारली! एकट्या क्षेत्रफळावर भिस्त ठेवली असती तर चांगला चाललेला उपचार आम्ही बंद केला असता. म्हणून जखमेच्या मापनपट्ट्यांत क्षेत्रफळ, पाझर आणि तळाचा पोत या तिन्हींना गुण देतात.

तिसऱ्या आठवड्यात १४.५, चौथ्यात १५. एकच आकृती मी तीनदा मोजली तेव्हा १४, १५ आणि १४.५ अशी उत्तरे आली. म्हणजे अर्ध्या चौरस सेंटिमीटरची चूक माझ्या मोजण्यातच होती आणि या दोन आकड्यांतला फरक हा फरकच नव्हता. जखम जागच्या जागी होती. सर्वसाधारण अपेक्षा अशी असते की योग्य काळजी घेतली तर दोन आठवड्यांत भरून येण्याची काहीतरी चिन्हे दिसावीत. आमच्या तक्त्यावर सगळ्या खुणा होत्या, खऱ्या होत्या, आणि उद्दिष्ट हुकले होते.

इथेच मूल्यमापनाला खरा अर्थ येतो. उद्दिष्ट हुकले म्हणजे परिचारिका आळशी, असे म्हणून भागत नाही. मागे जात प्रत्येक पायरीला विचारावे लागते. निदान बरोबर होते का? मुदत अवास्तव होती का? ठरवले ते खरेच झाले का? की ठरवले तेच चुकीचे होते? आत्याच्या रक्तातली साखर ठीक होती, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दूध, डाळ, अंडी सुरू होती, ताप नव्हता, जखमेला दुर्गंधी नव्हती. (यातले काहीही बिघडले, भोवतालची लाली पसरू लागली किंवा जखम खोल जाऊ लागली, तर घरी वह्या भरत बसू नये, लगेच डॉक्टरांकडे जावे.) मग काय राहिले?

एके दिवशी सिस्टर न सांगता दुपारी चारला आल्या. आत्या तीन उशांना टेकून मालिका पाहत होती आणि अर्धी घसरून खाली आली होती. माझ्या तक्त्यात त्या वेळी 'पाठ' असे लिहिलेले होते. ते खोटे नव्हते. पण पाठीवर सपाट निजणे आणि ४५ अंशांत टेकून बसणे यांत केवढा फरक आहे! टेकून बसलेले शरीर वजनाने खाली सरकते, कातडी मात्र घर्षणामुळे चादरीला धरून राहते. हाड आणि कातडी विरुद्ध दिशांना ओढली जातात आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणून पिळवटतात. मुलांना हे दाखवायचे तर एक जाड पुस्तक टेबलावर ठेवून वरचे मुखपृष्ठ तळहाताने पुढे ढकलावे. पुस्तक जागचे हलत नाही, पण सगळी पाने एकमेकांवरून तिरकी सरकतात. ओढीचा हा ताण असला की रक्त अडवायला एरवीपेक्षा कमी दाबही पुरतो.

त्या दिवसापासून उशाकडची बाजू ३० अंशांच्या वर न्यायची ती फक्त जेवताना. आधी गुडघ्यांखाली उशी, मग डोके वर. वर सरकवायचे तर ओढायचे नाही, दोघांनी चादरीसकट उचलायचे. दूरदर्शन संच कुशीवर निजून दिसेल असा हलवला. आणि तक्त्यातला एक रंग वाढला. पाचव्या आठवड्यात क्षेत्रफळ ११, सहाव्यात ८, आठव्यात ३.५. अकराव्या आठवड्यात जखम मिटली.

एका रुग्णावरून काढलेला हा निष्कर्ष आहे हे मला मान्य आहे. कदाचित जखम तशीही त्याच सुमाराला वळणावर आली असती. एका खाटेवर तेवढाच पुरावा मिळतो. पक्के सांगायचे तर पुष्कळ खाटा लागतात.

छेदात काय आहे?

पुष्कळ खाटांचा विचार सुरू करणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव पहिले. दरवर्षी १२ मे रोजी, त्यांच्या जन्मदिनी, परिचारिका दिन असतो. आपल्या शाळांना तेव्हा सुट्टी असते, म्हणून मुलांपर्यंत बहुधा पाठ्यपुस्तकातला त्यांचा दिवाच तेवढा पोहोचतो. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सभासद करून घेतले होते. त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद. शय्याव्रण हे बहुधा रोगाचे नसून शुश्रूषेतल्या उणिवेचे फळ असते, हेही त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले होते. पण इथे सांगायचा आहे तो त्यांच्या पुस्तकातला एक फसवा आकडा.

रुग्णालयांवरच्या पुस्तकाच्या १८६३ च्या आवृत्तीत त्यांनी विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाचा एक तक्ता छापला. त्यानुसार लंडनच्या २४ रुग्णालयांतला १८६१ सालचा मृत्युदर शेकडा ९०.८४ होता! दाखल झालेल्या दहांतले नऊ मरत होते की काय? तसे नव्हते. अंश होता वर्षभरातल्या मृत्यूंचा, ३८२८. छेद होता ८ एप्रिल १८६१ या एका दिवशी खाटांवर असलेल्या रुग्णांचा, ४२१४. पण एका खाटेवर वर्षात कितीतरी रुग्ण येऊन जातात. समजा प्रत्येक खाटेवर वर्षाला दहा जण आले, तर छेद ४२,१४० होईल आणि दर शेकडा ९ वर येईल. डॉक्टरांनी या आकड्यावर हरकत घेतली. फार यांचा हिशेब अगदीच निरर्थक नव्हता. शंभर खाटा वर्षभर भरलेल्या असताना किती मृत्यू घडतात, असा त्याचा अर्थ लावता येतो. फक्त 'शेकडा' हा शब्द वाचला की वाचक भलतेच समजतो.

वॉर्डांची तुलना करताना हीच गफलत आजही होते. एका वॉर्डात महिन्यात पाच शय्याव्रणे आणि दुसऱ्यात एक. पहिला वॉर्ड वाईट का? पहिला अतिदक्षता विभाग असेल आणि दुसरा बाळंतिणींचा, तर या तुलनेला अर्थ नाही. पाचांतली तीन घरूनच आलेली असतील तर तीही वेगळी काढावी लागतील. शिवाय जो वॉर्ड पाठ पाहतच नाही त्याची संख्या शून्य असते. रोज पाहायला सुरुवात केली की पहिल्या महिन्यात आकडा वाढतो आणि त्या प्रामाणिक वॉर्डालाच बोलणी बसतात. निकालाची टक्केवारी सांभाळण्यासाठी कच्च्या मुलांना परीक्षेपासून दूर ठेवणाऱ्या शाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यावर अधिक सांगणे नको.

छेद सारखा करण्याचा एक चांगला प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. डोरीन नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये वृद्ध रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, हिंडणे-फिरणे, अंग हलवण्याची क्षमता आणि मलमूत्रावरील ताबा, अशा पाच बाबींना प्रत्येकी १ ते ४ गुण द्यायचे. बेरीज ५ ते २० च्या दरम्यान येते आणि १४ किंवा कमी असेल तर धोका आहे असे धरायचे. आता सारख्या धोक्याच्या रुग्णांची सारख्यांशी तुलना करता येऊ लागली. तेव्हा वॉर्डावॉर्डांत कातडीला चोळायची नाना मलमे होती आणि प्रत्येक सिस्टरची एकेकावर श्रद्धा होती. त्या मलमांचा पाडाव लागला नाही, वरचेवर कूस बदलण्याचा मात्र उपयोग दिसला. आपल्याकडेही लाल झालेली पाठ स्पिरिट-पावडरने चोळण्याची रीत कित्येक वर्षे होती. लाल जागा चोळू नये, असे आता शिकवतात.

मग 'दर दोन तासांनी' हा आकडा तरी पक्का आहे का? अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहांत ९४२ जणांवर एक प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये आला. दाट फोमच्या गाद्यांवरच्या या रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन, तीन किंवा चार तासांच्या गटांत वाटले आणि तीन आठवडे पाहिले. एकूण सुमारे २ टक्के जणांना व्रण झाले आणि तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ कापसाच्या दबलेल्या गादीवरच्या रुग्णाला चार तास तसेच ठेवावे असा मुळीच नाही. गादी बदलली तर तासांचा नियमही पुन्हा तपासावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्याकडे त्याचा उपयोग असा झाला. रात्री दर दोन तासांच्या गजराने आत्याची झोप पार मोडली होती, दिवसा ती पेंगे आणि जेवण टाळी. जखम लहान होऊ लागल्यावर फोमची गादी आणली, आणि डॉक्टरांना विचारून सिस्टरनी रात्रीचे अंतर तीन तास केले. अट एकच: पहाटे पाठ, खुबे, टाचा पाहायच्या, हाताने चाचपायच्या, आणि काही वेगळे वाटले तर त्याच रात्रीपासून पुन्हा दोन तास. परत जावे लागले नाही.

आत्याची ओळ

हे सगळे मोजणे चालू असताना एकदा आत्या वैतागून म्हणाली, "तुमच्या वहीत माझी पाठच आहे सगळी. मी कुठाय?"

सिस्टरनी वही मिटली नाही, नवे पान उघडले. "सांगा आत्याबाई, तुम्हाला काय व्हायला हवंय?"

"न्हाणीत एकटीनं जायचंय. दार लावून."

मी मनात म्हटले, हे फलित मोजायला आलेख-कागद नको. सिस्टरनी मात्र तेही मोजता येईल असेच लिहिले: 'नरक चतुर्दशीच्या पहाटे वॉकर घेऊन, कुणी हात न धरता, खाटेपासून न्हाणीपर्यंत जातील व दार लावतील.' कर्ता आत्या. व्यायाम शिकवणारे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, खाट ते न्हाणी हे अंतर तिच्या २६ पावलांचे होते. पहिल्या आठवड्यात ती ४ पावले चालली.

नरक चतुर्दशीच्या पहाटे ती २६ पावले चालली. न्हाणीच्या उंबऱ्याशी वॉकर अडला, मला हात द्यावा लागला. सिस्टरनी वहीत लिहिले, 'अंशतः साध्य', आणि पुढे कारण: 'उंबरा'. पाडव्यानंतर गवंडी बोलावून उंबरा फोडून उतार करून घेतला, भिंतीला दांडी बसवली आणि पुढची तारीख घातली.

२० नोव्हेंबरची नोंद माझ्या अक्षरात आहे. '२६ पावले. हात दिला नाही. दार लावले. कडी लावू नको असे सांगितले होते, तरी लावली.'